मुक्काम नायकुंड

नागपूर जिल्ह्यात, पेंच नदीच्या परिसरातील मौजे नायकुंड येथे १९७८ ते १९८० या काळात डॉ. शां. भा. देव व डॉ. अ. प्र. जामखेडकर यांच्या देखरेखीखाली जे उत्खनन झाले, त्यात लोखंड गाळण्याची भट्टी सापडली म्हणून त्या स्थळाची कीर्ती झाली, आणि ती यथार्थच आहे. विद्यार्थी म्हणून माझ्या वाट्याला मात्र घर आले होते. महापाषाणयुगातील दफनांभोवती रचलेली शिलावर्तुळे विदर्भातील मृतांची हकीकत सांगतात. जिवंत माणसे कोठे निजत, कोठे रांधीत, हे घराखेरीज कोण सांगणार?

घर म्हणजे काय, तर कठीण पिवळट जमिनीत वर्तुळाकार उमटलेले, खांबांच्या खळग्यांचे वीतभर रुंदीचे काळसर डाग. पहाटेच्या दंवाने माती ओली असली की ते स्पष्ट दिसत आणि ऊन चढताच पुसट होत. म्हणून हजेरी होताच प्रथम त्यांच्याभोवती खुणा करावयाच्या, हा शिरस्ता. एका डागातील भुसभुशीत माती करणीच्या टोकाने काढता काढता हात मनगटापर्यंत आत गेला, आणि लाकूड केव्हाच कुजून गेले असताही त्या खांबाची जाडी तळहाताला जाणवली, तेव्हा बराच वेळ मी हात बाहेर काढला नाही.

शेजारी चुलीची राख होती. मजुरीवर आलेल्या एक वृद्ध बाई तिच्याकडे पाहून म्हणाल्या, "दार तिकडं असंन बाबू. वाऱ्याले पाठ देऊन चूल मांडली हाय."

दुसऱ्या दिवशी त्याच बाजूस दोन खळग्यांमधील अंतर रुंद निघाले, आणि नोंदवहीत मी तेथे 'दार' असे लिहिले.