कोण? मी!

आपल्याकडे दारावर थाप पडली की आतून कुणीतरी विचारते, "कोण?" आणि बाहेरून हटकून उत्तर येते, "मी!" तसे पाहिले तर हे काही उत्तर नव्हे. चोरही तेच म्हणेल. पण आतला माणूस शब्द ऐकतच नसतो, तो आवाज ऐकत असतो; आणि कडी निघते.

"मी" या उत्तरावर मुळीच कडी न काढणाऱ्या एका यंत्राशी गेल्या वर्षी माझी गाठ पडली. त्याचे नाव रास्पबेरी पाय. नाव फराळाच्या ताटातले वाटते, पण वस्तू हिरवी, जेमतेम साडेसहा सेंटिमीटर लांब आणि तीन रुंद. सुपारीच्या डबीत मावेल एवढी. पाय म्हणतात, पण त्याला पायही नाहीत आणि तोंडही नाही. पडदा नाही, टंकायला कळफलक नाही. तरी तो अख्खा संगणक आहे. मुलांना स्वस्तात संगणक हाती यावा आणि त्यांनी त्याच्याशी खटपट करावी, म्हणून इंग्लंडात केंब्रिजच्या एबेन अपटन आणि त्यांच्या सोबत्यांनी ही खटपट केली. पहिला पाय विक्रीला आला तो 29 फेब्रुवारी 2012 रोजी. म्हणजे बिचाऱ्याचा वाढदिवस चार वर्षांतून एकदाच! त्याचे धाकटे भावंड, पाय झीरो, तर नोव्हेंबर 2015 मध्ये एका मासिकाच्या मुखपृष्ठावर चिकटवून वाचकांना फुकट वाटले गेले. दिवाळी अंकाबरोबर फार तर उटण्याची पुडी मिळणाऱ्या आपल्यासारख्यांना याचा हेवा वाटावा. त्या झीरोला वायफाय नव्हते. ते 2017 च्या फेब्रुवारीत आले, आणि तेव्हापासून त्याला तारेशिवाय दुरून हाक मारता येऊ लागली.

मी मॅट्रिकच्या पुढे शिकले नाही. शाळेत मराठी शिकवते, उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहिते. माझा आणि या पायाचा संबंध यायचे कारण नव्हते. पण शाळेच्या एका माजी विद्यार्थ्याने असे दोन पाय पाठवले, आणि नववीतली एक मुलगी त्यातला एक हातात घेऊन माझ्यापाशी आली. म्हणाली, "बाई, हा आमच्या विहिरीवर बसवता येईल का?"

तिचा प्रश्न समजायचा तर आमचा भाग ठाऊक हवा. जुन्नरकडचा हा मुलूख उसाचा, आणि उसात बिबट्या. शेतीची थ्री-फेज वीज आठवड्यातले काही दिवस रात्रीच येते. मोटार चालू करायला 'ऑटो' असतो. वीज आली की तो आपणहून मोटार सुरू करतो. पण उन्हाळ्यात विहिरीला पाणी किती आहे हे ऑटोला कळत नाही. पाणी संपले आणि मोटार कोरडी फिरत राहिली तर ती जळते, आणि ती पुन्हा भरून घ्यायची म्हणजे कुणब्याच्या महिन्याचे गणित कोसळते. म्हणून तिचे दादा, म्हणजे वडील, बॅटरी आणि काठी घेऊन रात्रीतून तीन-तीन वेळा विहिरीत डोकावून यायचे. ते परत येईपर्यंत ती जागी असायची. मला तिने हे अगदी सहज सांगितले, जसे आपण गृहपाठ राहिल्याचे कारण सांगतो.

तिची योजना साधी होती. विहिरीत एक तरंगता फ्लोट स्विच सोडायचा. पाणी त्याच्याखाली गेले की मोटारीच्या खोलीतल्या पायाला ते कळेल आणि तो भोंगा वाजवील. मग दादांनी उठायचे ते फक्त भोंगा वाजला तरच.

पायाला जेवणाच्या जुन्या डब्यात बसवून त्या खोलीत टांगला. आता त्याला आज्ञा द्यायची कशी? पडदा आणि कळफलक विहिरीवर न्यायचे, की दर खेपेला त्याचे कार्ड काढून घरी आणायचे? इथे हाक मारण्याची विद्या कामाला येते. ओसरीच्या खिडकीत वायफायचा राउटर, पलंगावर शाळेचा जुना लॅपटॉप, आणि हाकेच्या अंतरावर विहीर.

हाक मारायची तर पत्ता हवा. राउटरचा कारभार धर्मशाळेसारखा असतो. जो येईल त्याला तो रिकाम्या खोलीचा आकडा देतो, आणि उद्या तीच खोली मिळेल याची हमी नसते. त्यापेक्षा नावाने हाक मारावी हे बरे. कार्ड तयार करतानाच यंत्राला नाव देता येते. तिने नाव दिले 'विहीर'. मग लॅपटॉप वाड्याच्या चौकात उभे राहून ओरडावे तसा साऱ्या घरच्या जाळ्यात ओरडतो, "विहीर कोण आहे?" आणि ज्याचे नाव विहीर, तो आपल्या खोलीचा आकडा कळवतो.

एवढ्यावर दार उघडत नाही. हे दार ज्याने घडवले त्याची हकीकत मला आवडते. 1995 साली फिनलंडमध्ये हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठाच्या जाळ्यात कुणीतरी चोरून कान लावला आणि जाणारे-येणारे पासवर्ड टिपून घेतले. तोवर पासवर्ड पोस्टकार्डावर लिहिल्यासारखे उघडेच जात असत. तिथल्या तातू यूलोनेन या संशोधकाने त्यावर एसएसएच नावाची बंद लिफाफ्याची रीत लिहून काढली. तिला दरवाजा क्रमांक मिळाला 22, कारण 21 आणि 23 वर जुन्या दोन रीती नांदत होत्या आणि मधले घर रिकामे होते.

या रीतीत दोन्ही बाजूंनी "कोण?" विचारले जाते. पहिल्या भेटीत यंत्र आपल्या बोटाचा ठसा पुढे करते, म्हणजे अक्षरांची एक लांबच लांब माळ, आणि लॅपटॉप आपल्याला विचारतो, "याला मी ओळखत नाही. विश्वास ठेवू?" आपण होकार लिहिला की तो ठसा लॅपटॉप जपून ठेवतो. मग पायाची पाळी: तू कोण, तुझा पासवर्ड काय? तो लिहिताना पडद्यावर काहीच उमटत नाही, ठिपकासुद्धा नाही. किती अक्षरे झाली हेदेखील शेजाऱ्याला कळू द्यायचे नाही! पूर्वी प्रत्येक नव्या पायाचे कुलूप एकाच किल्लीचे असे, नाव 'पाय' आणि पासवर्ड 'रास्पबेरी'. आळशी माणसे ते बदलत नसत. 2022 च्या एप्रिलपासून ती सोय बंद झाली. ज्याने त्याने आपली किल्ली आपण घडवायची. मला विचाराल तर हे फार आधी व्हायला हवे होते.

आज्ञा लिहायला तिने थॉनी नावाचे साधन घेतले. ते एस्टोनियातल्या तार्तू विद्यापीठात नवशिक्यांसाठी तयार झाले. त्यात एसएसएचने दूरच्या यंत्राशी जोडून घ्यायची सोय आहे. लिहायचे इथे आणि चालायचे तिथे. भाषेचे नाव पायथन. ते ऐकून दादा दचकले. "अजगर? विहिरीवर आधीच काय कमी आहेत?" हे नाव सापावरून नसून माँटी पायथन या इंग्रजी विनोदी मंडळींवरून पडले आहे, हे त्यांना पटवताना माझी पुरेवाट झाली.

पहिल्या रात्री मी वस्तीवरच मुक्कामाला होते. "बाई, आता अंधाराच्या जाऊ नका," असे तिची आई म्हणाली, आणि मला तरी कुठे जायचे होते! बाराच्या सुमारास वीज आली, मोटार घुमू लागली, आणि तासाभराने भोंगा वाजला. दादा उठले. तोच भोंगा थांबला. ते बसले. पुन्हा वाजला. असा तो पाच मिनिटे उचकी लागल्यासारखा वाजत राहिला. दादा काठी घेऊन निघाले तशी ती म्हणाली, "दादा, थांबा. पाणी हलतंय म्हणून फ्लोट वरखाली होतोय. तो लगेच खरं मानतोय, एवढंच." ओसरीवर बसल्या बसल्या तिने विहिरीला हाक मारली, पासवर्ड दिला आणि एक ओळ बदलली: फ्लोट सलग तीस सेकंद खाली राहिला तरच वाजव. अंधारात एक पाऊलही न टाकता. भोंगा गप्प झाला. मग वीसेक मिनिटांनी तो वाजला आणि वाजतच राहिला. दादा गेले, मोटार बंद केली, आणि येऊन म्हणाले, "फुटभरच राहिलंय."

मे महिन्यात वीज जाऊन-येऊन पायाचे कार्ड बिघडले. तिने ते नव्याने लिहिले, नाव तेच ठेवले, आणि हाक मारताच लॅपटॉपने मोठ्या अक्षरांत आरडाओरडा केला. या विहिरीचा ठसा बदलला आहे, मध्ये कुणी लबाड बसला असेल! मला शाकुंतल आठवले. माणूस तेच, पण खुणेची अंगठी नाही, म्हणून राजा ओळख देत नाही. मुलीने मात्र लॅपटॉपचीच बाजू घेतली. "बरोबर आहे त्याचं. कार्ड आपण बदललं हे त्याला काय माहीत?" तिने जुना ठसा पुसला आणि नवा नीट पाहून होकार लिहिला.

हाकेचे हे अंतर वाढत वाढत कुठवर जाते, ते मी तिला एकदा सांगितले. 1977 साली सोडलेले व्हॉयेजर-1 हे यान 2023 च्या नोव्हेंबरात अर्थहीन बडबड करू लागले. त्याच्या स्मृतीचा एक लहानसा भाग निकामी झाला होता. चोवीस अब्ज किलोमीटरवर दुरुस्तीला कोण जाणार! तिथल्या आज्ञा उचलून चांगल्या जागी ठेवायचा निरोप 18 एप्रिल 2024 ला पाठवला. जायला साडेबावीस तास, यायला तेवढेच. 20 तारखेला शास्त्रज्ञांना उत्तर कळले, यान शुद्धीवर आले होते. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "दोन दिवस त्यांना झोप नसंल आली."

तीस सेकंदांचे आता दोन मिनिटे झाले आहेत; तो आकडा दादांनी सुचवला. पहिला आठवडाभर भोंगा न वाजताही ते बॅटरी घेऊन जायचे आणि यंत्र खरे बोलते का ते पाहून यायचे. आता जात नाहीत. बारा वाजता जाग मात्र येते, असे तिची आई सांगते. मग अंथरुणात उठून बसतात, मोटारीचा आवाज ऐकतात, आणि पोरीच्या खोलीतला दिवा विझलेला आहे ना, ते पाहून पुन्हा आडवे होतात.