अडीच सुती बोल्ट

जुन्या मोटारीचे कौतुक करणारे लोक तिच्या फुगीर पाठीचे कौतुक करतात, तिच्या वाटोळ्या दिव्यांचे करतात, फार काय, तिच्या भोंग्याच्या घोगऱ्या आवाजाचेही करतात. तिच्या बोल्टांचे कौतुक करणारा रसिक मात्र सहसा भेटत नाही. बिचारा बोल्ट पत्र्याच्या आड, तेलाच्या मेणचटात अंग चोरून बसलेला असतो. तो आपल्या जागी घट्ट असेपर्यंत त्याची कोणाला आठवण होत नाही. आणि ज्या दिवशी होते, त्या दिवशी तो बहुधा जागेवर नसतो.

मुंबईत शिवडी येथे जनरल मोटर्स या अमेरिकन कंपनीने १९२८ साली मोटारी जोडण्याचा कारखाना काढला होता. परदेशातून सुटे भाग बोटीने येत आणि येथे त्यांच्या गाड्या तयार होत. तो कारखाना १९५४ साली बंद झाला. त्यातून बाहेर पडलेल्या गाड्या पुढे कोठे कोठे गेल्या, कोणाच्या ओझ्याखाली वाकल्या, याचा हिशेब कोण ठेवणार? शेव्हरोले जातीची अशीच एक म्हातारी पिकअप मोटार कोल्हापूरच्या उद्यमनगरात एका मेस्त्रींच्या दारात आली. एके काळी ती गुळाचे रवे शाहूपुरीच्या पेठेत पोहोचवीत असे. पुढे गोठ्यामागे ती तीस वर्षे उभी राहिली आणि कोंबड्यांनी तिच्या बैठकीवर आपला संसार थाटला. ज्यांनी ती चालविली ते आजोबा गेले, आजी होत्या. आजींना याच गाडीत बसवून जोतिबाच्या डोंगरावर न्यायचे, असे नातवाच्या मनाने घेतले होते. आजींचे वय पाहता या कामाला फार दिवस लावून चालणार नव्हते.

मेस्त्रींनी आपल्या भाच्याला हाताशी घेतले. भाचा नुकताच आयटीआयमधून शिकून आला होता. गाडी खोलताना निघालेला प्रत्येक नट, बोल्ट आणि वायसर मेस्त्री एका कागदी पुडीत बांधीत आणि पुडीवर त्याची जागा लिहून ठेवीत. भाच्याला हा उद्योग वाण्याच्या दुकानासारखा वाटे. परंतु हळूहळू त्या पुड्यांतून त्याला निराळीच मौज दिसू लागली. मागच्या हौद्यात लाकडी फळ्या होत्या. त्यांच्या पट्ट्यांतून निघालेल्या बोल्टांची डोकी घुमटासारखी गोल, पण मान चौकोनी! गोल डोक्यावरून गुळाचा रवा न अडकता सरकतो आणि चौकोनी मान आपल्या भोकात रुतून बसते. त्यामुळे खालून नट आवळताना बोल्ट फिरत नाही. दाराच्या काही स्क्रूंवर नेहमीच्या सरळ खाचेऐवजी पंख पसरलेल्या फुलपाखरासारखी खाच होती. त्या काळच्या शेव्हरोले गाड्यांत असे स्क्रू वापरीत; साधा पेचकस तेथे नीट लागू पडत नाही.

अडचण आली ती अगदी शेवटी. ब्रेकच्या पायदांडीजवळचा एक बोल्ट गंजून तुटला होता. भाच्याने डब्यातून नवा, चकचकीत बोल्ट शोधला आणि दोन बोटांनी फिरवून आत घातला.

"बसला की, मामा!" तो आनंदाने म्हणाला.

मेस्त्री जवळ आले. त्यांनी तो बोल्ट आणखी थोडा फिरवून पाहिला. दोन-तीन वेढ्यांनंतर तो अडला.

"पान्यानं जरा जोर दिला तर जाईल पुढं," भाचा म्हणाला.

"जाईल रे. पण बसणं निराळं आणि धरणं निराळं. काढ तो."

भाच्याने दोन्ही बोल्ट शेजारी शेजारी धरले. जाडीत काही फरक दिसेना. मेस्त्रींनी मोजपट्टी हातात दिली, तेव्हा मर्म उलगडले. आपल्याकडचे कारागीर इंचाच्या आठव्या भागाला एक सूत म्हणतात. जुना बोल्ट अडीच सुती होता, म्हणजे ७.९४ मिलिमीटर जाडीचा. नवा बोल्ट होता ८ मिलिमीटरचा. दोहोंत अंतर केवळ एका केसाचे! पण जुन्या बोल्टावर एका इंचात १८ आटे होते आणि नव्यावर तेवढ्याच लांबीत सुमारे २०. पहिले दोन-तीन आटे एकमेकांत शिरतात, पुढच्यांचा मेळ बसत नाही. तेथे पान्याने जोर केला, तर एकाचे आटे दुसऱ्याचे आटे कापतात. हाताला वाटते, बोल्ट आवळला गेला. आणि घाटाच्या उतारावर, ज्या क्षणी चालकाचा पाय ब्रेकवर पडावा, त्या क्षणी तो निसटतो.

दोन बोल्ट एकमेकांना अनोळखी का असावेत, याला मोठा इतिहास आहे. पूर्वी प्रत्येक कारखाना आपल्याच मनाने आटे पाडीत असे. इंग्लंडमध्ये जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४१ साली सर्वांसाठी एक माप सुचविले; त्यात आट्यांचा कोन ५५ अंशांचा होता. अमेरिकेत विल्यम सेलर्स यांनी १८६४ साली दुसरे माप मांडले. त्यातील कोन ६० अंशांचा. अर्ध्या इंचाच्या बोल्टावर इंग्रजी मापाने इंचाला १२ आटे, तर अमेरिकन मापाने १३! मापे जुळली नाहीत म्हणजे काय होते, हे १९०४ च्या फेब्रुवारीत अमेरिकेतील बाल्टिमोर शहराने पाहिले. शहराला आग लागली. शेजारच्या शहरांतून बंब धावून आले, पण त्यांच्या पाण्याच्या नळ्यांची जोडणी बाल्टिमोरच्या नळांना लागेना. मदत दारात उभी आणि सुमारे दीड हजार इमारती जळून गेल्या. पुढे दुसऱ्या महायुद्धातील गैरसोयींनी डोळे उघडले आणि १९४८ साली अमेरिका, इंग्लंड व कॅनडा या देशांनी इंची आट्यांचे एकच माप मान्य केले. आज आपल्याकडे बहुतेक नव्या गाड्यांत मिलिमीटरचे बोल्ट असतात. म्हणून जुन्या गाडीला तिच्या पिढीचा सोबती शोधावा लागतो.

शोध सुरू झाला. कोल्हापुरातील दुकाने झाली. भाचा मुंबईस गेला आणि नागदेवी रस्त्यावरच्या नट-बोल्टांच्या दुकानांतून हिंडला. अडीच सुती बोल्ट पुष्कळ मिळाले, पण मेस्त्रींनी त्याला बजावून ठेवले होते, "डोकं बघितल्याशिवाय घ्यायचा नाही." अमेरिकन पद्धतीच्या बोल्टाच्या डोक्यावर त्याचे बळ कोरलेले असते. कोऱ्या डोक्याचा बोल्ट साधा. तीन रेघा असलेला अधिक मजबूत. सहा रेघांचा त्याहूनही मजबूत. माप जुळे तेथे रेघा नसत, रेघा असत तेथे लांबी जुळत नसे. अखेर एका अंधाऱ्या दुकानातील म्हाताऱ्या दुकानदाराने माळ्यावरून धुळीने माखलेला खोका काढला. भाच्याने आट्यांचे माप लावून पाहिले, लांबी पाहिली, डोक्यावरच्या तीन रेघा बोटाने चाचपल्या. किंमत चहाच्या दोन कपांइतकी होती; प्रवासखर्च तिच्या कितीतरी पट. ही गोष्ट त्याने मामांना सांगितली, तेव्हा ते एवढेच म्हणाले, "गाडीत माणसं बसणार हाईत, लेका."

नवा बोल्ट हातानेच शेवटपर्यंत गेला. पाना लागला तो केवळ अखेरच्या आवळणीला.

चैत्राच्या आधीच एका सकाळी आजी पुढच्या बैठकीवर बसून डोंगरावर गेल्या आणि संध्याकाळी घाट उतरून सुखरूप परतल्या. गाडीचा रंग पाहून त्या हसल्या. फळ्यांवरून त्यांनी बराच वेळ हात फिरविला.

तो आठ मिलिमीटरचा चकचकीत बोल्ट भाचा भंगारात टाकणार होता. मेस्त्रींनी तो त्याच्या हातातून घेतला, फडक्याने पुसला आणि आठ मिलिमीटरच्या खणात नीट ठेवून दिला. बोल्टात काही खोट नव्हती. त्याचे घर दुसरीकडे होते, इतकेच.