सिलिंडर, हेड, सेक्टर

नव्वदच्या दशकात पुण्यात घरोघरी आलेले कॉम्प्युटर बहुतेक 'असेंबल्ड' असत. ओळखीतला एखादा मुलगा तपकीर गल्लीतून सुटे भाग आणायचा, सतरंजीवर मांडायचा, स्क्रू आवळायचा आणि चहा पिऊन जायचा. यंत्र घरचं झालं तरी त्याच्या पोटात काय आहे याची विचारपूस कुणी करत नसे. 'फोर एटी सिक्स आहे' एवढं शेजाऱ्यांना सांगायला पुरे होतं. आमच्याकडचा डबा असाच. बाबा त्यावर सोसायटीचे हिशेब ठेवत, धाकटा भाऊ डेव्ह आणि प्रिन्स खेळे, आणि आई दुपारी त्याच्यावर क्रोशाचं कव्हर घाली.

1997च्या पावसाळ्यात मी त्यावर स्लॅकवेअर टाकायला घेतलं. हेलसिंकीतल्या लायनस टोरवाल्ड्स नावाच्या विद्यार्थ्याने 1991मध्ये आपल्या 386साठी हौसेने कर्नल लिहिला, तो म्हणजे लिनक्स. पण नुसता कर्नल घेऊन करायचं काय? त्याच्याभोवती कंपायलर, शेल, एडिटर जमवून, बांधून देणारी माणसं वेगळी. पॅट्रिक वोल्कर्डिंग त्यांतला एक. मिनेसोटात शिकत असताना त्याला एका प्रकल्पासाठी लिस्प ही भाषा हवी होती. तेवढ्यासाठी हाती आलेलं एसएलएस नावाचं गाठोडं दुरुस्त करता करता 1993मध्ये स्लॅकवेअर उभं राहिलं.

मित्राकडे ते सीडीवर होतं, आमच्या कॉम्प्युटरला सीडी ड्राइव्ह नव्हता. म्हणजे फ्लॉप्या आल्या. प्रत्येकीत 1.44 एमबी. पहिल्या दोन, बूट आणि रूट, रॉराइट नावाच्या छोट्या प्रोग्रामने लिहायच्या. बाकीच्या साध्या डॉसच्या. 'ए' मालिका पायाची, 'डी' कंपायलरची, 'एन' नेटवर्कची, 'टी' टेकची, 'एक्स' खिडक्यांची. जुलैच्या दमट हवेत फ्लॉपीला बुरशी धरते, आणि तिचा पत्ता ड्राइव्हच्या खरखरीतूनच लागतो. मग रेनकोट चढवा, सायकल काढा, मित्राचं दार वाजवा.

पण खरी गंमत प्रश्नांची. स्थळ बघायला आलेल्या मंडळींसारखी लिनक्स बारीकसारीक चौकशी करी, आणि उत्तरं द्यायला घरात कुणी वडीलधारं नसे. डिस्क कोणती, कुणाच्या तारेवर, माउस कुठल्या पोर्टला, सिलिंडर किती? सिलिंडर! झाकण काढून डिस्कवरची चिठ्ठी वाचली: 1048 सिलिंडर, 16 हेड, 63 सेक्टर. एका सेक्टरमध्ये 512 बाइट. गुणाकार केला तर चोपन्न कोटी आठ लाख आणि वर काही. दुकानदाराने सांगितलेली '540 एमबी' ती ही. विकत घेतलेल्या वस्तूचं माप आपल्याच हाताने जुळलं की होणारा आनंद मला कुठल्याही गेममध्ये मिळालेला नाही.

त्या हिशेबात आणखी एक गोष्ट निघाली. कॉम्प्युटरच्या जुन्या बायोसकडे सिलिंडरचा आकडा ठेवायला दहाच बिट. म्हणजे 1024च्या पुढे त्याला मोजताच येत नाही. डॉस आणि विंडोज त्याच्या तोंडाकडे बघून चालणारे. त्यामुळे शेवटची चोवीस सिलिंडरं, बारा एमबीहून थोडी अधिक जागा, आमच्या घरात विकत घेतल्या दिवसापासून पडून होती. लिनक्स सुरू होईपर्यंत बायोसचा हात धरतं, पण एकदा उभं राहिलं की डिस्कशी स्वतः बोलतं. म्हणून कर्नल 1024च्या अलीकडे ठेवायचा आणि त्या पडीक तुकड्यावर स्वॅप करायचा. आठ एमबी रॅमच्या यंत्राला बारा एमबी स्वॅप म्हणजे चैनच. विंडोजच्या जागेची हद्द फिप्स नावाच्या प्रोग्रामने अलीकडे सरकवली. त्याआधी डीफ्रॅगचे रंगीत चौकोन बघत बसण्यात एक दुपार गेली. बाबांचे हिशेब शाबूत राहिले. ते मात्र त्या दुपारभर खुर्चीमागे उभे होते.

यंत्र सुरू करणाऱ्या लिलोची तऱ्हा मला फार आवडे. तो आपलं नाव एकेका अक्षराने लिहितो, आणि प्रत्येक अक्षर म्हणजे पार पडलेली एक पायरी. 'एल' आणि 'आय' येऊन थांबला तर समजायचं, दुसरा टप्पा डिस्कवरून आणला पण चालू झाला नाही. बिघाड सांगण्याची इतकी काटकसरी रीत मी नंतर पाहिली नाही. आता पडद्यावर गोल फिरत राहतं आणि 'काहीतरी चुकलं' असं मोघम वाक्य येतं. त्यापेक्षा दोन अक्षरं बरी.

चारही अक्षरं आली, मग ओळींचा पूर. 33च्या आसपास बोगोमिप्स, hdaचे तुकडे, आणि शेवटी 'डार्कस्टार लॉगिन'. स्लॅकवेअर न विचारता यंत्राला हे नाव देतं; ते ग्रेटफुल डेड या अमेरिकन वाद्यवृंदाच्या गाण्यातलं, वोल्कर्डिंगच्या आवडीचं. रूट म्हणून आत गेलो तर निरोप: नवी टपाल आली आहे. ज्या डब्याला टेलिफोनची तारही लागलेली नव्हती, त्यात वोल्कर्डिंगचं स्वागताचं पत्र! फ्लॉपीत बसून आलेलं. आईला वाचून दाखवलं, तर तिने विचारलं, उत्तर कसं धाडणार?

खिडक्यांच्या भानगडीबद्दल थोडक्यात. एक्सला मॉनिटरची आडवी-उभी फ्रिक्वेन्सी सांगावी लागे, आणि आकडा चुकला तर मॉनिटर जळू शकतो अशी धमकी कागदपत्रांत असे. असेंबल्डबरोबर मॅन्युअल कुठून येणार? करड्या ठिपक्यांच्या पडद्यावर फुली दिसली आणि एक्सआइज उघडलं. माउसमागे फिरणारे ते दोन डोळे भाऊ संध्याकाळभर बघत होता.

गुरुवारी लाईट जाणार हे पुणेकर गृहीत धरत असे. लिनक्सची फाइल-व्यवस्था, ईएक्सटी2, ते धरत नसे. डिस्कवर लिहायचं अर्धवट राहिलं की पुढच्या वेळी एफएससीके हा प्रोग्राम सगळी डिस्क तपासून अनाथ फाइली 'लॉस्ट+फाउंड'मध्ये नेऊन टाकी.

मग कर्नल स्वतः बांधायचा. तिथे तर प्रश्नांना अंतच नाही. गणिताची नक्कल लागेल का? (नाही, 'डीएक्स' आहे, हे आता मला माहीत होतं.) हॅम रेडिओ? मित्सुमीचा सीडी ड्राइव्ह? आयएसडीएन? शेजारी सल्ला असे: खात्री नसेल तर 'नाही' म्हणा. आमच्या घरात काय काय नाही याची इतकी सविस्तर यादी त्याआधी कुणी केली नव्हती. कंपायलर सुरू करून जेवायला बसलो. जेवण झालं, भांडी झाली, तरी ओळी सरकतच होत्या. नवा कर्नल उठला तेव्हा त्याच्या आवृत्तीच्या ओळीत बांधणाऱ्याचं नाव होतं, रूट ॲट डार्कस्टार, आणि पुढे '#1'. साउंड कार्डासाठी पुन्हा बांधला की तो आकडा वाढे. तो वाढत गेला. आवाज काही आला नाही.