आठजणींचं गणित

सशर्त संभाव्यतेचं गणित सुटतं ते माणसं गाळता आली की. सूत्र नंतर. लखनौत जनुकीय समुपदेशन करताना माझा हा विश्वास पक्का होत गेला आहे.

ड्युशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी हा स्नायूंचा आजार. चार-पाच वर्षांचा मुलगा जमिनीवरून उठताना स्वतःच्याच मांड्यांवर हात टेकत उभा राहतो आणि पुढे काही वर्षांत त्याचं चालणं थांबतं. दोष एक्स गुणसूत्रावर असतो. वाहक बाईला, म्हणजे जिच्या दोनपैकी एका एक्सवर हा दोष आहे तिला, सहसा काहीच जाणवत नाही, पण तिच्या प्रत्येक मुलाला आजार होण्याची शक्यता निम्मी.

समोर बसलेल्या बाईचा मामा याच आजाराने गेलेला, भाऊही. म्हणजे आई वाहक, यात शंका नाही. लेक वाहक असण्याची शक्यता १/२. पण तिला दोन मुलगे आहेत, वयाने मोठे, दोघेही धडधाकट. ‘दीदी, बच्चे तो ठीक हैं, फिर डर काहे का?’ ती विचारते, आणि तिचा प्रश्न अगदी रास्त असतो.

मी कागदावर आठ गोल काढते. तुझ्यासारख्या आठजणी, चार वाहक, चार नाहीत. प्रत्येकीला दोन मुलगे. वाहक नसलेल्या चौघींचे मुलगे या आजारापासून मुक्तच असणार. वाहक चौघींपैकी मात्र दोन्ही मुलगे निरोगी अशी सरासरी एकच. बाकी तिघींवर मी काट मारते. उरल्या पाच, त्यांत वाहक एक. तिची शक्यता १/२ वरून १/५ वर आली. पुढचा मुलगा झाला, तर त्याला आजार असण्याची शक्यता १/१०.

इथे शिकाऊ डॉक्टरही अडखळतात. ते म्हणतात, प्रत्येक बाळंतपण स्वतंत्र, मग आधीच्या मुलांचा संबंध काय? वाहक बाईच्या बाबतीत ते खरंच आहे, तिला दर खेपेला निम्मा धोका. पण ही वाहक आहे का, हेच आपल्याला ठाऊक नाही, आणि त्याबद्दल ते दोन मुलगे साक्ष देतात. मुलगे तिचं गुणसूत्र बदलत नाहीत, आपलं ज्ञान बदलतात. मला हे साऱ्या गणितातलं सर्वांत सुंदर ठिकाण वाटतं.

नव्या माहितीने शक्यता अशी बदलण्याच्या विषयावरचा थॉमस बेझचा निबंध त्याच्या मृत्यूनंतर, १७६३ मध्ये छापला गेला. कोल्हापूरचे वसंत शंकर हुजूरबाजार केंब्रिजला हॅरॉल्ड जेफ्रीज यांच्याकडे याच परंपरेत शिकले आणि १९५३ मध्ये त्यांनी पुणे विद्यापीठात संख्याशास्त्र विभाग उभा केला. आणि असं समुपदेशन हवं असेल, तर लखनौत रायबरेली रोडवरच्या संजय गांधी पीजीआय या वैद्यकीय संस्थेत मेडिकल जेनेटिक्सचा स्वतंत्र विभाग आहे, डॉ. शुभा फडके यांनी तो अनेक वर्षं सांभाळला.

आज डीएनए तपासणी आहे, मग आठ गोल कशाला? कारण भावातला नेमका दोष माहीत असेल, तरच बहिणीत तो नेमका शोधता येतो. भाऊ गेला आणि त्याचा नमुना कुणी ठेवला नाही, तर बहिणीचा अहवाल ‘काही सापडलं नाही’ असा आला तरी ती वाहक नाही, असं छातीठोकपणे म्हणता येत नाही. शक्यता आणखी उतरते, शून्य होत नाही.

म्हणून घरात असा आजारी मुलगा असेल, तर त्याची जनुकीय तपासणी आजच करून घ्या, अहवाल जपा आणि डीएनए साठवून ठेवण्याबद्दल डॉक्टरांना विचारा. त्याच्या बहिणींना तो लागणार आहे.