शिंक्याची उंची

चि. ठमीस,
आत्याचे अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलंस, "आत्या, छोट्या कुंड्या टांगायला काही मिळतं का गं? ऑनलाइन मागवलं ते माझ्या कुंड्यांना ढगळ होतंय." मी कुकरच्या शिट्ट्या मोजत होते, म्हणून "बघू" म्हणून फोन ठेवला. पण 'ढगळ' डोक्यात राहिलं. कुंडीला ढगळ! हसू आलं, पण दुखणं तू बरोबर पकडलंस. म्हणून आता सविस्तर लिहिते. पत्राला पाकीट घालत नाही. भाड्याच्या घरात, हातभर गॅलरीत झाडं जगवणाऱ्या तुझ्यासारख्या पोरी पुष्कळ आहेत. त्यांनीही वाचलं तर वाचू दे.

तू ज्याला 'प्लँट हँगर' म्हणतेस ना, ते आपलं शिंकं. वाईजवळच्या आपल्या घरी माजघराच्या तुळईला एक होतं. त्यात दह्याचं गाडगं, त्यावर लोण्याचं, त्यावर झाकणी. मांजर, मुंग्या आणि आम्ही पोरं, तिघांपासून दूर. तुझी आजी जेमतेम पावणेपाच फूट. हात वर केला की बोटं गाडग्याच्या काठाशी पोचतील, बरोबर तेवढ्या उंचीवर तिनं ते बांधून घेतलं होतं. अण्णा चांगले उंच. जाता-येता शिंकं त्यांच्या कपाळाला लागायचं. ते म्हणायचे, "अगं, वीतभर वर घे की." ती म्हणायची, "दही मी काढते. तुम्ही वाका." अण्णा पंचवीस वर्षं वाकले.

मग एका मे महिन्यात दादानं, म्हणजे तुझ्या बाबानं, शिडी लावून शिंकं हातभर वर घेतलं. कुणाच्या डोक्याला लागू नये, हेतू चांगलाच होता. पण दही काढायला आता स्टूल लागायला लागलं. आठवड्याभरात गाडगं खाली फडताळात आलं. शिंक्यात आधी रिकाम्या बरण्या गेल्या, मग नुसती कोळ्यांची जाळी. फ्रिज आपल्याकडे त्यानंतर तीन वर्षांनी आला. घरात सगळे म्हणतात, फ्रिजमुळे शिंकं गेलं. मी म्हणते, ते शिडीमुळे गेलं.

असो. तुझ्या ढगळपणाकडे येते.

बाजारातली बहुतेक शिंकी 6 ते 8 इंची कुंड्यांसाठी बनवलेली असतात. तुझ्या 4 इंची. 4 आणि 6 मध्ये फरक तो काय, असं वाटतं, पण माप दीडपट झालं की आतली माती सव्वातीनपटीच्याही वर जाते. पाणी घातलेली 4 इंची प्लास्टिकची कुंडी अर्धा-पाऊण किलो भरते, 6 इंची सहज दोन किलो. शिंकं कुंडीला धरून ठेवत नसतं गं. कुंडीच आपल्या वजनानं जाळी ताणते आणि त्या ताणात बसते. हलकी कुंडी मोठ्या घरांच्या जाळीत ताण आणू शकत नाही. जरा वारा आला की तिरकी होते आणि दोन गाठींमधून निसटते.

म्हणून हिशेब कुंडीच्या घेरापासून सुरू कर. 4 इंची कुंडीचा काठाशी घेर साधारण 32 सेंटिमीटर. चार बाजूंना चार गाठी येणार, म्हणजे दोन गाठींमध्ये 8 सेंटिमीटर. जाळीचं घर याहून लहान हवं. 3 मिलिमीटर जाडीची सुती दोरी 8 मीटर घे आणि तिचे 2-2 मीटरचे चार तुकडे कर. ते पडद्याच्या कडीतून ओवून मधोमध दुमड. आठ पदर झाले. कडीखाली सगळ्यांची मिळून एक गच्च गाठ मार. आठांच्या चार जोड्या कर आणि 35 सेंटिमीटर खाली प्रत्येक जोडीला साधी गाठ मार, चारही एका पातळीत. आता खरी गंमत. एका जोडीतला उजवा पदर आणि शेजारणीचा डावा पदर घेऊन 6 सेंटिमीटर खाली नवी गाठ. असं करत गेलीस की चौथी गाठ फिरून पहिल्या जोडीला येऊन मिळते आणि हातात लोंबणाऱ्या दोऱ्यांची एकदम पिशवी होते. इतकी वर्षं करतेय, पण त्या क्षणी मला अजून बरं वाटतं. आणखी 7 सेंटिमीटर खाली आठही पदर एकत्र बांध आणि उरलेलं झिपरं सोडून दे.

तळाशी एक बांगडी घाल. दोन-सहा मापाची बांगडी आतून 6 सेंटिमीटर असते. तुझ्या कुंडीचा तळ 7 च्या आसपास, म्हणजे कुंडी तिच्यातून खाली जात नाही, वर निवांत बसते. डोक्यावर घागर घेताना बायका चुंबळ ठेवत, तेच काम. आणि ते ढगळ शिंकं परत पाठवू नकोस. त्याच्या तळाच्या गाठीपासून चार बोटं वर सुतळीनं दुसरी गाठ करकचून बांध, आत बांगडी टाक. चोळीला टाच मारतात तसं.

दोरी कुठली? इथे माझी फजिती ऐक. ठाण्याच्या गॅलरीत मी हौसेनं सुतळीची शिंकी बांधली. दिसायला देखणी. दोन पावसाळे काढले. तिसऱ्यात एका पहाटे तीन वाजता धप्प! शिंकं तुटलं, पण फावलं कुणाचंच नाही; खालचा बोकासुद्धा दचकून पळाला. सकाळी बॅटरी घेऊन बघते तर दोरी मधे ठणठणीत. तुटली ती वरच्या आकड्यापाशी, जिथे गाठ होती आणि वाऱ्यानं रोज घासत होती. गाठ मारली की दोरीची ताकद त्या जागी कमी होते, काही गाठींत जवळजवळ निम्मी. त्यात ताग ओला राहिला की कुजतो. तेव्हा घरात सुती किंवा सुतळी चालेल, पावसाच्या गॅलरीत नायलॉन. मात्र नायलॉनची गाठ सरकते. तिथे दुहेरी गाठ मारायची आणि टोकं मेणबत्तीवर वितळवून बंद करायची. प्लास्टिकची स्वस्त दोरी उन्हानं ठिसूळ होते, तिच्या नादी लागू नकोस. आणि दर मेमध्ये आकड्यापाशी दोरी चिमटीत धरून बघायची. तंतू सुटलेले लागले की शिंकं बदल.

तुला नवल वाटेल, पण आजीचं शिंकं विकतचं नव्हतं. गावातलं मातंगांचं एक घर दोर वळायचं. बेंदराला बैलांचे नवे कासरे त्यांच्याकडून यायचे. दावी, चऱ्हाटं, मुसकी, शिंकीही त्यांचीच. घायपाताची पानं पाण्यात कुजवायची, बडवायची, धुऊन वाख काढायचा आणि मग वळायचं. दोन लडींना उजवीकडे पीळ द्यायचा आणि त्या एकमेकींभोवती डावीकडे वळायच्या. प्रत्येक लड उलगडू बघते आणि तिचं उलगडू बघणंच दुसरीला आवळून धरतं. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात, तो पीळ हा. मोबदला म्हणजे सुगीतलं बलुतं, तेही देणाऱ्याच्या मर्जीनं. त्या हातांना कुणी कारागीर म्हटलं नाही. मी 1980 च्या दशकात फी भरून मॅक्रमच्या क्लासला गेले आणि पोपटी नायलॉनचं शिंकं विणून आणलं, तेव्हा घरानं 'कला' म्हणून ते हॉलमध्ये लावलं. आजी नुसतं म्हणाली, "गाठ तीच की गं."

विणायचा कंटाळा असेल तर शोध. घरात आणि जुन्या बाजारात शिंकी दडून बसलेली असतात. सगळ्यात गुणी म्हणजे जुनी तागडी. वाण्यांकडे इलेक्ट्रॉनिक काटे आले आणि तागड्या भंगारात गेल्या. एकेक पारडं तीन साखळ्यांचं. तीनच का? दोनवर पारडं एका अंगाला कलंडतं. चारात एखादी साखळी ढिली राहिली तर भार बाकीच्यांवर पडतो. तीन मात्र कायम ताणात राहतात. म्हणजे एका तागडीची दोन शिंकी. पाणी साचू नये म्हणून पारड्याला दोन भोकं पाडून घे. पिठाची जुनी चाळण घेतलीस तर तेही काम वाचलं.

दुसरी करवंटी. नारळ फोडल्यावर डोळ्यांकडची अर्धी ठेव. तीन डोळ्यांपैकी एक मऊ असतो, तो खिळ्यानं टोचला की पाणी जायला वाट झाली. काठाशी सारख्या अंतरावर तीन भोकं, तीन दोऱ्या. एवढ्याशा सक्युलंटला ते घर पुरतं. आणि पुण्यात राहतेस तर एका शनिवारी हिंजवडीतून बाहेर पड. बुरूड आळीत बांबूच्या लहान परड्या बघ आणि तशीच रविवार पेठेत बोहरी आळीत जा. दोरी, कड्या, आकडे सगळं तिथे मिळेल. जाताना कुंडी पिशवीत घालून ने. माप तोंडी सांगू नये, मग ते चप्पल असो की शिंकं.

आता टांगायचं कुठे. घरमालकानं खिळा ठोकायचा नाही म्हटलंय, उत्तम. खिडकीचे गज आहेत. पडद्याच्या दांडीवर दोन लहान कुंड्यांपलीकडे जाऊ नकोस, तिचे स्क्रू तेवढ्यासाठी नसतात. गॅलरीत कपडे वाळत घालायच्या पुलीच्या दांड्या आहेत ना, त्यांतली भिंतीकडची एक झाडांना देऊन टाक. दोरी सोडली की कुंड्या आपसूक खाली येतात. कठड्याच्या बाहेर मात्र काहीही टांगायचं नाही. अकराव्या मजल्यावरून पाऊण किलो म्हणजे थट्टा नाही.

झाडांचंही थोडं. मनी प्लँट वर चढवला की पानं मोठी होत जातात, लोंबत सोडला की लहानच राहतात. तेव्हा टांगलेल्याची पानं का वाढत नाहीत म्हणून खत घालत बसू नकोस. स्पायडर प्लँटला आपली पिल्लं लोंबत्या देठांवर सोडायला मोकळी हवा लागते, तो शिंक्यासाठीच जन्मला आहे. मूळ आफ्रिकेचा, पण पावसाळ्यात डोंगरातून येणारी फोडशीची भाजी त्याच्याच कुळातली. सफेद मुसळीही त्यातलीच, आणि तिच्या शास्त्रीय नावात चक्क आपलं बोरिवली आहे.

टांगलेली कुंडी चहूबाजूंनी वाऱ्यात असते, त्यामुळे जमिनीवरच्या बहिणींपेक्षा लवकर सुकते. एप्रिलमध्ये रोज पाणी मागेल. कधी द्यायचं हे मातीत बोट घालून कळतं, पण त्याहून सोपं म्हणजे तळहात खाली लावून कुंडी जराशी उचलायची. हलकी लागली तर तहानलेली. दोन आठवड्यांत तुझा हात तागडी होईल. पाणी द्यायला कुंडी खाली काढ, बादलीत पाच-दहा मिनिटं बुडव, निथळू दे आणि मग परत ठेव. खालच्या मजल्यावरच्या बाईंचं धुणं कोरडं राहील आणि सोसायटीच्या सभेत तुझं नाव निघणार नाही.

आता सांग, हे सगळं छताला टेकलेल्या कुंडीचं होईल का? तू पाठवलेल्या फोटोत शिंकी पंख्याच्या पातळीला आहेत. फोटोत छान दिसतात. पण तू आजीवर गेली आहेस, ठमे. ती उतरवायला तुला खुर्ची लागणार, खुर्ची आणायचा कंटाळा येणार, आणि जूनपर्यंत तिथे वाळकी काटकी असेल. आपण म्हणतो ना, अमुक काम खुंटीला टांगून ठेवलं, ते असं. दहीहंडी हेसुद्धा शिंकंच, मुद्दाम हात पोचू नये म्हणून बांधलेलं. तिथे थर लावायला पोरं असतात. तुझ्याकडे आहेस ती तू एकटी.

कालच एक शिंकं कुरिअरनं पाठवलं आहे. सुती, 4 इंची कुंडीचं, तळाला माझी जोड हरवलेली बांगडी. कडीतून एक लांब दोरी ओवली आहे, तिची वरची गाठ मी मारलेली नाही. कुंडी शिंक्यात ठेव, दांडीखाली उभी राहा, टाचा न उचलता हात वर कर. तळहात कुंडीच्या तळाला लागला की तिथे गाठ मार. बाबा आला आणि त्याच्या कपाळाला लागलं, तर काय म्हणायचं ते तुला माहीत आहे.

तुझी,
आत्या