आजीच्या तिकिटाचा हिशेब

सुट्टीत कुठे जायचं, या प्रश्नावर बोरीवलीकराला पर्यायांची कमी नाही. पश्चिमेला खाडीपलीकडे वॉटर किंगडम, पूर्वेला राष्ट्रीय उद्यान, लोकल पकडली की अर्नाळा किंवा केळवे, खिसा परवानगी देत असेल तर खोपोलीजवळचं इमॅजिका. ठरवताना घराघरांत विचारतात ते ‘तिथे काय काय आहे?’ मी आधी विचारेन, घरात जो सगळ्यात कमी चालतो त्याचा दिवस तिथे कसा जाईल?

वॉटर पार्कचं तिकीट दिवसभराचं आणि माणशी. आजी घसरगुंडीवरून येणार नाही, नायलॉनचा पोशाख तर घालणारच नाही. धाकट्याची उंची मोठ्या राइडला पुरत नाही, मग त्याच्यापाशी आईबाबांनी आळीपाळीने थांबायचं. सहाजण एकत्र निघतात आणि एकमेकांना भेटतात ते जेवणाच्या टेबलावर. १९८९ साली वॉटर किंगडमशेजारचं एस्सेलवर्ल्ड सुरू झालं, तेव्हापासून गोराईच्या जेट्टीवरून कितीतरी कुटुंबं अशी गेली. त्या सहलीत सगळ्यांनी मिळून केलेला प्रवास म्हणजे बहुधा बोटीचाच असावा.

युरोपातल्या हॉलिडे पार्कांनी हे कोडं वेगळ्या रीतीने सोडवलं. नेदरलँड्समध्ये १९६०च्या दशकाअखेर पीट डर्कसन यांनी सेंटर पार्क्सची सुरुवात केली, ती झाडीतल्या छोट्या बंगल्यांपासून. बंगल्यात स्वतःचं स्वयंपाकघर; गाड्या एका बाजूला, आत चालायचं नाहीतर सायकल. पोहण्याचे तलाव, खेळ हे सगळं आहेच, पण मधोमध घर आहे. ज्याला दमायला होईल तो परत येतो, बाकीच्यांचा दिवस मोडत नाही.

आपल्याकडे याच्या जवळ जातं ते केळवे. २०१३ पासून लोकल डहाणूपर्यंत जाते. केळवे रोडला उतरून रिक्षा केली की झालं. सुरूच्या बनाला लागून किनारा, गावात घरगुती राहण्या-जेवणाची सोय, शितलादेवीचं देऊळ. आजी देवळात जाऊन येते, मुलं वाळूत, आणि दुपारी सगळे एकाच ओसरीवर.

मुलांना कंटाळा येईल, असं कुणी म्हणेल. कॉलेजातल्या पोरांना येईलच, आणि त्यांनी मित्रांबरोबर खुशाल गोराईला जावं. ती कौटुंबिक सहल नव्हे, एवढंच माझं म्हणणं. खर्चाचा आक्षेप अधिक खरा आहे. मुक्काम आला की राहण्या-जेवणाचे पैसे आले. पण त्यातला एकही रुपया बाकावर बसून राहणाऱ्याच्या नावाने जात नाही. मग घराजवळचं उद्यान काय वाईट? एका दिवसापुरतं अजिबात नाही. मात्र कान्हेरीची शंभरावर लेणी दरवाजापासून काही किलोमीटर आत, वर पायऱ्या. उद्यानातल्या वनराणी या छोट्या रेल्वेच्या मार्गाचं २०२१च्या तौक्ते वादळात नुकसान झालं होतं, तेव्हा ती धावते का हे विचारूनच आजीला शब्द द्यावा. सोमवारी तर उद्यान बंदच.

समुद्राचा आक्षेप मात्र मला खोडता येत नाही. पावसाळ्यात केळव्याच्या पाण्यात उतरणं जिवावरचं आहे, आणि मुलांना किनाऱ्यावर नेऊन पाण्यापासून दूर ठेवणं कुणाला जमलंय? जून ते सप्टेंबर केळवे यादीतून काढावं.