प्रमाणपत्र मिळाले, पण शिकविले कोणी?

दर रविवारी सकाळी डिंभ्याच्या आमच्या विहारात मुलांचा वर्ग भरतो. अर्धा तास वाचन, अर्धा तास गणित आणि शेवटी मुलांचे प्रश्न. गेल्या पावसाळ्यात पाचवीतल्या एका मुलाने विचारले, "सर, माळीण कशी गाडली गेली? आपल्या मागचा डोंगर पण येईल का खाली?"

आम्ही हिशेब शिकलेले. पदवी बी.कॉम.ची आणि नोकरी कारकुनाची. "पाऊस फार झाला की तसे होते," एवढे बोलून आम्ही वेळ मारून नेली. मुलगा गप्प बसला, पण त्याचे समाधान झाले नाही हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होते. त्या रात्री पत्र्यावर पाऊस वाजत होता आणि आम्हांला त्या मुलाचा चेहरा आठवत होता.

घरी गोष्ट निघाली तेव्हा बारावीत शिकणारी आमची मुलगी म्हणाली, "पप्पा, पर्यावरण शिकविणाऱ्यांसाठी मोबाईलवर कोर्स असतात. काही तर फुकट असतात. तुम्ही नाव नोंदवा ना." आमची पत्नी हसून म्हणाली, "आधी त्यांना मोबाईलचा आवाज कमी करायला शिकव." हसण्यावारी गेलेली गोष्ट आम्ही मात्र मनावर घेतली.

वाचकहो, असे अभ्यासक्रम का निघाले हे आधी सांगितले पाहिजे. १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर पर्यावरण हा विषय शाळा-महाविद्यालयांतून शिकविण्याचा आदेश दिला. विषय आला, पण शिकविणार कोण? गणिताच्या गुरुजींनी, भूगोलाच्या बाईंनी, ज्याला जमेल त्याने. शिकविणाऱ्यांना घडविण्याचे काम काही संस्थांनी हाती घेतले. अहमदाबादला १९८४ साली पर्यावरण शिक्षण केंद्र स्थापन झाले होतेच. पुण्यात भारती विद्यापीठाने १९९३ साली पर्यावरण शिक्षणाची स्वतंत्र संस्था काढली. पण तिथे जायचे तर रजा, गाडीभाडे आणि फी हवी. २०१७ साली केंद्र सरकारने 'स्वयम्' हे ऑनलाइन शिक्षणाचे व्यासपीठ सुरू केले. तेथे शिकायला पैसे पडत नाहीत, प्रमाणपत्र हवे असेल तर परीक्षेचे शुल्क भरावे लागते. त्याच वर्षी शिक्षकांसाठी 'दीक्षा' आले. संयुक्त राष्ट्रसंघाच्या संस्थाही हवामानबदलावर मोफत पाठ देतात. म्हणजे एके काळी पुण्या-अहमदाबादला जाऊन मिळणारी विद्या आता डिंभ्याच्या माणसाच्या खिशात आली. ही लहान गोष्ट नव्हे.

आम्ही एका संस्थेच्या सहा आठवड्यांच्या अभ्यासक्रमाला नाव घातले. घरात मोबाईल एकच, आणि रेंज खिडकीशी उभे राहिल्याशिवाय मिळत नाही. कचेरीतून आल्यावर, मुलीचा अभ्यास आटोपला की आम्ही खिडकीत उभे राहून पाठ पाहायचो. पाठ इंग्रजीत होते. पहिल्या आठवड्याचा गृहपाठ आम्ही मराठीत लिहून पाठविला. दोन दिवसांत तो परत आला, आणि उत्तर इंग्रजीतच द्यावे अशी सूचना खाली होती. खरे सांगायचे तर त्या दिवशी कोर्स सोडून द्यावासा वाटला. ज्या भाषेत डोंगर, ओढा, पाऊस आम्हांला कळतो, ती भाषा पर्यावरणाच्या वर्गात चालत नाही, हे कसले शिक्षण? मुलीने समजूत काढली. पुढे आम्ही मराठीत सांगायचे आणि तिने इंग्रजीत टाईप करायचे, असे ठरले. त्यामुळे कोर्स खरे तर दोघांनी केला.

तिसऱ्या आठवड्याचा गृहपाठ होता, "तुमच्या गावातले पाणी कोठून येते व कोठे जाते?" हा प्रश्न आम्हांला सोपा वाटला. आमच्या उशालाच घोड नदीवरचे धरण आहे. त्याच्या जलाशयाला हुतात्मा बाबू गेनू सागर म्हणतात, कारण बाबू गेनू याच तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचे. पण लिहायला बसलो तेव्हा कळले की आपण धरण रोज पाहतो, त्याचा हिशेब कधी मांडला नाही. येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे ही कुकडी प्रकल्पाची पाच धरणे. त्यांचे पाणी पुणे, अहिल्यानगर आणि सोलापूर जिल्ह्यांच्या शेतांना जाते. ज्या आंबेगावाचे नाव तालुक्याला आहे ते जुने गाव मात्र याच पाण्याखाली गेले. आणि जलाशयाच्या वरच्या अंगाच्या आदिवासी वाड्यांवरच्या बायकांना उन्हाळ्यात हंडा घेऊन पायपीट करावी लागते. जमा एकीकडे आणि खर्च दुसरीकडे, हा ताळेबंद आम्हां हिशेबनीसाला कधीच दिसला नव्हता.

चौथ्या आठवड्यात सांगितले होते की, गावातल्या एखाद्या जाणत्या व्यक्तीला भेटून निसर्गाविषयी माहिती घ्या. आम्ही प्रथम गुरुजींचा विचार केला, मग ग्रामसेवकांचा. पत्नी म्हणाली, "धरणात घर गेलेल्या त्या आजी आहेत ना, त्यांना विचारा की." आजी महादेव कोळी समाजाच्या. हिरडा गोळा करण्यात आणि डोंगरउतारावर पडकईची खाचरे बांधण्यात त्यांचे आयुष्य गेले. त्यांना अक्षरओळख नाही. आम्ही वही-पेन घेऊन गेलो तेव्हा त्या म्हणाल्या, "आरं बाबा, इतकी वरसं हितं ऱ्हातोस, आन् आज इचारतोस व्हय?"

आजी दोन तास बोलत होत्या. पडकईचा बांध कसा घालायचा, पाण्याला वाट कशी ठेवायची, उतारावरचे कोणते झाड तोडायचे नाही, सगळे त्यांनी सांगितले. मग आम्ही त्या मुलाचा प्रश्न विचारला. आजी म्हणाल्या, "डोंगर बोलतो आधी. झऱ्याला येकदम गढूळ पानी आलं, भुईला भेग पडली, झाड कललं, दार चौकटीत आडाया लागलं, तर त्या राती तिथं निजू नये."

आम्ही घरी येऊन पाचव्या आठवड्याचा पाठ उघडला. विषय होता दरडी कोसळणे. पडद्यावरच्या तज्ज्ञांनी धोक्याच्या ज्या खुणा सांगितल्या, त्या जवळजवळ त्याच होत्या. भेगा, गढूळ झरे, कललेली झाडे, घट्ट बसणारी दारे.

त्या रात्री आम्हांला आमचीच लाज वाटली. अक्षर नाही म्हणजे अक्कल नाही, असे मानणाऱ्या व्यवस्थेने आपल्या वाडवडिलांना पिढ्यान्‌पिढ्या दाराबाहेर ठेवले. आणि आम्ही चार बुके शिकून कचेरीत बसलो, तेव्हा त्या आजींच्या बाबतीत वेगळे काय केले? वीस वर्षे रस्त्यात भेटत होत्या. आम्ही 'बरे आहे ना' म्हणून पुढे जात होतो.

एका बैठकीत हे सांगितले तेव्हा एक कार्यकर्ते म्हणाले, "साहेब, पर्यावरण हा पोट भरलेल्यांचा विषय. आपल्या पोरांना आधी नोकरी पाहिजे." नोकरी पाहिजेच, यात वाद नाही. पण ३० जुलै २०१४ च्या सकाळी माळीण गाडले गेले, १५१ माणसे गेली. रोजच्या जागी गाव दिसेना, तेव्हा एस.टी.च्या चालकाने ती बातमी बाहेर आणली. २०२१ साली महाड तालुक्यात तळिये, २०२३ साली खालापूर तालुक्यात इर्शाळवाडी. ही माणसे बंगल्यांत राहणारी होती काय? डोंगराच्या पायथ्याशी, नाल्याच्या काठाशी, कचऱ्याच्या ढिगाशेजारी कोणाची वस्ती असते? ज्याच्या दारात संकट आधी येते, त्यानेच हा विषय आधी शिकला पाहिजे.

म्हणून समाजबांधवांना आमचे सांगणे आहे की, असे अभ्यासक्रम जरूर करा. शिक्षक, अंगणवाडी सेविका, बचत गटाच्या भगिनी, कॉलेजची मुले, कोणीही करू शकेल. एकट्याने करू नका. चार-पाच जणांनी एका मोबाईलभोवती बसा, एकाने इंग्रजीचे मराठी करून सांगावे. नाव नोंदविण्यापूर्वी भाषा कोणती आणि प्रमाणपत्राचे पैसे किती, हे वाचून घ्या. आणि प्रत्येक पाठ झाला की मोबाईल बंद करून गावात जा. पाठ जे सांगतो ते आपल्या ओढ्याला, विहिरीला, डोंगराला लागू पडते का ते पाहा. एखाद्या म्हाताऱ्या माणसाला विचारा.

आमच्या वर्गातल्या मुलांनी आता सरळ बाटली कापून पर्जन्यमापक केला आहे. कापलेले तोंड उलटे बसविले की नरसाळे होते, बाजूला पट्टी चिकटविली की मिलिमीटर मोजता येतात. चोवीस तासांत ६४.५ मिलिमीटरच्या पुढे गेला तर हवामान खाते त्याला मुसळधार म्हणते, ११५.६ च्या पुढे अतिमुसळधार. मुले रोज सकाळी आकडा वहीत लिहितात. तो प्रश्न विचारणारा मुलगा वहीचा प्रमुख आहे. आकडा मोठा आला की तो आधी झऱ्याचे पाणी कसे आहे याची चौकशी करतो, मग आमच्या दारात येतो.

प्रमाणपत्र आले. त्यावर आमचे एकट्याचे नाव आहे. मुलीचे नाही, आजींचे नाही. ते आम्ही भिंतीवर लावले नाही, कागदपत्रांच्या पिशवीत ठेवले आहे. पुढच्या रविवारी आजी विहारात येणार आहेत. खुर्चीवर त्या बसतील आणि आम्ही मुलांबरोबर सतरंजीवर.